अमावस्येनंतरचं तिकीट

वटारच्या जयवंतीकाकू देवभोळ्या. मळ्यात राबून त्यांनी नीलेशला वाढवलं, आणि तो परदेशातल्या एका नौदल तळावर वेल्डर म्हणून लागला. काम संपलं तसा त्याचा फोन आला, "आई, गुरुवारी निघतो."

"अरे, पितृपक्ष चालू आहे. अमावस्या होऊ दे, मग घटस्थापनेला ये."

"विमानाला कसला गं पितृपक्ष?" तो हसला, पण आईचा शब्द मोडला नाही, तिकीट पुढे ढकललं.

शनिवारी पहाटे कुणाच्या ध्यानीमनी नसताना शत्रूच्या विमानांनी तळावर बॉम्ब टाकले. त्यात नीलेश गेला.

काकूंना कुणी दोष दिला नाही. सून रेवा उलट समजावते, "आई, नशिबात होतं ते." काकूंना वाटतं, तिने एकदा तरी भांडावं. "तुम्हीच थांबवलंत त्यांना," असं तोंडावर म्हणावं.