भिंतीशी तीन खुर्च्या

मतदानाच्या दिवशी नोआकबाई सकाळी सातला शाळेत येत आणि सगळ्यांत आधी मागच्या भिंतीशी तीन खुर्च्या मांडत. मतपेटी, पडदे, पेन्सिली हे सगळं त्यानंतर. टेटवित्झची ही शाळा पोरं उरली नाहीत म्हणून बारा वर्षांपूर्वीच बंद झाली होती, पण मतदान अजून तिथेच व्हायचं. खुर्च्या होत्या मोजणी बघायला येणाऱ्यांसाठी. कायद्याने कोणीही येऊन बघू शकतो. चौतीस वर्षांत त्या खुर्च्यांवर एकदा गारपिटीतून आडोशाला आलेलं जोडपं बसलं होतं आणि एकदा कोणाचा तरी पिऊन आलेला पाहुणा, तोही घोरायला लागला. तरी खुर्च्या मांडायच्या म्हणजे मांडायच्याच.

मतपेटीजवळ बसणारा म्हातारा सुतार गोटफ्रीड ऊलिग दर वेळी म्हणे, "वाल्ट्राउट, कोणासाठी मांडतेस? भुतांसाठी?"

"कोणी आलंच तर उभं राहायला लागू नये," बाई म्हणत.

त्या स्वतः एकदा उभ्या राहिल्या होत्या. एकोणनव्वद सालच्या मे महिन्यात. तेव्हा राज्य वेगळं, एकाच पक्षाचं होतं आणि मत देणं म्हणजे मिळालेला कागद घडी करून पेटीत टाकणं. पडद्यामागे जाणाऱ्याचं नाव कोणीतरी टिपून घेई. वाल्ट्राउट नोआक तेव्हा तेहतीस वर्षांची, गावची टपालवाली. त्या संध्याकाळी ती याच वर्गात आली आणि म्हणाली, मला मोजणी बघायची आहे. कोणी नको म्हणालं नाही, कोणी बस म्हणालं नाही. दोन तास ती भिंतीला टेकून उभी राहिली. विरोधाचा एकेक कागद निघाला की पिशवीच्या आतल्या अस्तरावर पेन्सिलीने एक रेघ. अडतीस रेघा झाल्या. दुसऱ्या दिवशी तिनेच घरोघर वाटलेल्या वर्तमानपत्रात टेटवित्झची विरोधी मतं छापली होती पाच.

ते राज्य गेल्यावर पहिल्या खऱ्या निवडणुकीत गावाने तिला केंद्रप्रमुख केलं, आणि ती जागा तिला कायमची चिकटली. एक्केचाळीस वर्षं सायकलवर टपाल वाटून बाई निवृत्त झाल्या. कोणाची चाल कशी, कोणाचं कुत्रं कुठला पाय धरतं, सगळं त्यांना ठाऊक. मत मात्र त्या कोणाला देतात हे शेजारणीलाही कधी कळलं नाही. विचारलंच तर सांगत, "पाकीट बंद असतं, बाई. टपालवालीला विचारायचं नाही."

ही गोष्ट घडली त्या वर्षी सगळ्या तालुक्याच्या महापौराची निवडणूक होती. उभे तिघे. आत्ताचे महापौर, शेजारच्या गावातल्या दंतवैद्य बाई आणि तिसरा उजव्यांच्या पक्षाचा माणूस. टेटवित्झमध्ये दिव्याच्या प्रत्येक खांबावर त्याचे फलक होते. गावाची बस दिवसातून दोनदा यायची, डॉक्टर निवृत्त झाला तो बदली न देताच, आणि बंद पडलेलं हॉटेल मात्र सरकारने बाहेरून आलेल्या लोकांसाठी रंगवून दिलं होतं. गावात संताप होता, आणि तो नुसता उसना नव्हता.

मतदारयादी सांभाळायची ऊलिगची बायको; अशात तिचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दुसरं कोणी मिळेना. नोआकबाईंनी यामेन हल्लाकला विचारलं. यामेन चौतीस वर्षांचा, सीरियातला, नऊ वर्षांपूर्वी आलेला. तालुक्याच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायचा. नागरिकत्वाचा कागद मिळून त्याला चार महिने झाले होते.

"मी?" तो म्हणाला. "लोक बोलतील, नोआकबाई."

"बोलतीलच. तुला वाचता येतं, खूण करता येते, आणि रविवारी तू मोकळा आहेस. इथे तिन्ही गोष्टी असलेला दुसरा माणूस सापडत नाही."

"माझ्या हातून चूक झाली तर?"

"तर लिहून ठेवायची."

आठला दोन मिनिटं कमी असताना बाईंनी पेटी उपडी करून रिकामी असल्याचं दाखवलं आणि कुलूप लावलं. आठच्या ठोक्याला दार उघडलं. पहिलं मत नेहमीप्रमाणे त्यांचं. पडद्यामागे जाऊन आल्या, ऊलिगने पेटीच्या फटीवर धरलेला पुठ्ठा उचलला, कागद आत पडला. लगेच त्या दाराकडे वळल्या, कारण चर्चला निघालेली मंडळी उंबऱ्यावर खोळंबली होती.

यामेन प्रत्येकाला ओळखपत्र मागत होता. अगदी प्रत्येकाला.

"अरे, मी खाटीक! गेल्या गुरुवारी माझ्याकडून कोंबडी नेलीस ना तू?"

"नेली, आजोबा. चांगली होती. ओळखपत्र?"

लोक हसले, काही कुरकुरले. एकाने मोठ्याने म्हटलं, "आता हा आम्हाला विचारणार, आम्ही कोण!" नोआकबाई दाराशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "विचारणारच. तुला कोणी विचारत नव्हतं तेव्हा तू तक्रार करत होतास, की गावात कोणी कोणाला विचारत नाही." त्याने ओळखपत्र पुढे केलं.

दुपारी ऊलिगने बटाट्याचं सॅलड आणलं, कोणीतरी दही-अंड्याच्या थरांचा केक. सहाला दार लागलं आणि पुन्हा उघडलं, कारण मोजणी सगळ्यांसमोर असते. आणि एन्रिको ब्योटगर आत आला.

एन्रिको गावातला वीजकाम करणारा, पन्नाशीचा, उजव्यांच्या पक्षाचा इथला माणूस. लहानपणी तो बाईंच्या सायकलमागे घंटी वाजवत पळायचा.

"मोजणी बघायला आलोय, नोआकबाई. हक्क आहे माझा."

"आहेच की. खुर्ची घे. मधली घे, डावी डुगडुगते."

एन्रिको जरा गडबडला. भांडायच्या तयारीने आला होता, आणि त्याच्यासाठी खुर्ची आधीच मांडलेली. बसला. यामेनकडे बघून मान हलवली. त्याची आई यामेनच्याच वृद्धाश्रमात होती.

"आई कशी आहे?"

"आज दोन वाट्या सूप घेतलं म्हणे. तुमची वाट बघत होती."

"हं."

पेटी उघडली. मतपत्रिका उलगडून दहा-दहाच्या गड्ड्या केल्या. चारशे तेरा. मग यादीतल्या खुणा. यामेनने मोजल्या, चारशे बारा. ऊलिगने मोजल्या, चारशे बारा. कागद पुन्हा मोजले, दोन एकमेकांना चिकटलेत का बघितलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. चारशे तेराच.

"म्हणजे एक मत जास्त," एन्रिको खुर्चीवरूनच म्हणाला.

त्याने टेबलावरच्या यादीकडे बोट दाखवलं.

"यादी कोणाच्या हातात होती?"

यामेनने पेन्सिल टेबलावर ठेवली. त्याचे कान लाल झाले होते. "माझ्या," तो म्हणाला.

"तू आईशी चांगला वागतोस, त्याबद्दल मी तुझं ऋण मानतो. ते वेगळं आणि हे वेगळं. ही आमच्या गावची पेटी आहे. उद्या मी लोकांना काय सांगू? पहिल्यांदा यांच्या हातात यादी दिली आणि पहिल्यांदाच हिशेब चुकला?"

"सांगू नकोस काही अजून," बाई म्हणाल्या. "बस."

ऊलिग हळूच पुढे झाला. "वाल्ट्राउट, फॉर्मवर जागा आहे. 'फरकाचं कारण समजलं नाही' असं लिहायचं. शेजारच्या गावाने गेल्या वेळी लिहिलं, कोणी विचारलंही नाही. एका मताने काही कोसळत नाही."

खरंच होतं ते. गड्ड्यांकडे नुसतं पाहिलं तरी दिसत होतं, की उजव्यांचा माणूस टेटवित्झमध्ये सत्तर-ऐंशी मतांनी पुढे आहे. पण 'फरकाचं कारण समजलं नाही' याचा अर्थ गाव काय लावणार, हेही बाईंना दिसत होतं. ते चार शब्द यामेनच्या नावाला आयुष्यभर चिकटले असते. तो पाव आणायला गेला तरी दुकानात त्याच्या आधी पोचले असते.

"नोआकबाई, मी जातो," यामेन म्हणाला. "दुसऱ्या कोणाला बसवा. मग तरी..."

"कुठे जातोस? मोजणी संपलेली नाही."

त्यांनी चष्मा पुसला आणि यादी पुढे ओढली. ज्यांच्यासमोर खूण नाही, ती नावं एकेक करून बघायची. पाचशे एकाहत्तर नावांत अशी दीडशेवर. मोठ्याने वाचायची नाहीत, कारण कोण मत द्यायला आलं नाही हे गावाला सांगायचं नसतं. त्यांचं बोट खाली सरकू लागलं. हा मुलाकडे गेलाय. ही हॉस्पिटलात. हा गेली वीस वर्षं कोणालाच मत देत नाही. हिला सकाळी खिडकीत पाहिलं, पण ती आली नाही. एक्केचाळीस वर्षं ज्या फाटकांवरून हात फिरला, ती फाटकं एकामागून एक डोळ्यांसमोरून जात होती. एन्रिको खुर्चीत पुढे झुकून त्या बोटाकडे टक लावून होता. यामेन मात्र यादीकडे बघतच नव्हता. तो आपल्या हातांकडे बघत होता.

आठव्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं.

नोआक, वाल्ट्राउट. पत्ता, जन्मतारीख. समोरचा चौकोन कोरा.

शेजारून वाकून बघणाऱ्या ऊलिगलाही ते दिसलं. इतकी वर्षं यादी त्याच्या बायकोकडे असायची. वाल्ट्राउट पडद्यामागे गेली की ती न विचारताच खूण करून मोकळी व्हायची. सकाळी वाल्ट्राउट टेबलाशी थांबलीच नव्हती, आणि पुठ्ठा उचलला होता त्याने स्वतः. तो तिच्या कानाशी पुटपुटला, "पान उलट."

पान उलटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. पुढे वीसेक नावं बघायची, मान हलवायची आणि फॉर्मवर चार शब्द लिहायचे. चौतीस वर्षांचं नाव जिथल्या तिथे राहिलं असतं.

"सापडलं," बाई मोठ्याने म्हणाल्या. "एक बाई सकाळी आठ वाजता यादीशी न थांबताच मत टाकून गेली."

"कोण?" एन्रिको उठून उभा राहिला.

"मी."

मग एन्रिको हसला, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

यामेन खालच्या आवाजात म्हणाला, "मी पाहिलं होतं. तुम्ही टेबलाशी थांबला नाहीत. पण तुम्हाला कसं विचारायचं? मग रांग आली, आणि वाटलं, तुम्ही म्हणजे... तुमची पद्धत असेल काही."

"अख्ख्या गावाला विचारलंस. खाटकाला विचारलंस. मलाच तेवढं नाही?"

"तुम्हाला नाही विचारता आलं."

"मग तिथे मी चुकले, आणि तूही थोडा," बाई म्हणाल्या आणि फॉर्म पुढे ओढला. लिहिता लिहिता त्या शब्द मोठ्याने म्हणत होत्या. आठ वाजता केंद्रप्रमुखांनी यादीत नोंद न करवता मतदान केलं. ओळखीच्या भरवशावर त्यांना विचारलं गेलं नाही. मतपेटीवरच्या सदस्याने पुठ्ठा उचलला. जबाबदारी केंद्रप्रमुखांची. खाली सही.

"एन्रिको, इकडे ये. वाच. काही राहिलंय का?"

एन्रिकोने दोनदा वाचलं. "नोआकबाई, हे आम्ही छापू शकतो."

"छाप. वेळ आठ लिही, सव्वाआठ नको."

"तुम्ही आमच्या बाजूच्या नाहीत, हे मला माहीत आहे."

"तुला काय माहीत? पाकीट बंद असतं."

मग त्यांनी निकाल वाचला. उजव्यांच्या पक्षाला दोनशे चौदा, महापौरांना एकशे एकोणचाळीस, दंतवैद्य बाईंना त्रेपन्न, बाद सात. दोनशे चौदा म्हणताना त्यांचा आवाज तसूभर खाली आला नाही, की एकशे एकोणचाळीस म्हणताना वर गेला नाही. एन्रिकोने आकडे टिपून घेतले. जाताना त्याने यामेनला विचारलं, "आई झोपते किती वाजता?"

"साडेआठपर्यंत जागी असते. आत्ता गेलात तर भेटेल."

तो केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून घेऊन गेला.

त्याने पुढे ते छापलं नाही. का नाही, हे त्यालाच माहीत. गावात मात्र खाटकापासून सगळ्यांना कळलं, कारण बाईंनी स्वतःच सांगितलं. काहींनी हा मोठेपणा म्हटला, काहींनी म्हातारीचा विसराळूपणा. दोघीचौघी तर म्हणाल्या, आता बाईंनी ती जागा सोडावी. बाईंनी तालुक्याला पत्र पाठवून तसं विचारलंही. उत्तर आलं, दुसरं कोणी तयार नाही.

तालुक्यात कोणालाच अर्ध्याहून जास्त मतं मिळाली नव्हती, म्हणून तीन आठवड्यांनी पहिल्या दोघांत पुन्हा मतदान झालं. त्या रविवारी सातला नोआकबाईंनी तीन खुर्च्या मांडल्या. डाव्या खुर्चीचा पाय ऊलिगने दुरुस्त केला होता. आठला दार उघडलं. बाहेर रांगेत पहिला एन्रिको होता. बाई नेहमीप्रमाणे पेटीकडे निघाल्या, मध्येच थबकल्या आणि वळून यामेनच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

यामेनने वर पाहिलं. घसा साफ केला. "ओळखपत्र?"

रांगेतून कोणीतरी खुसखुसलं. बाईंनी कोटाचा एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला, मग पर्स उघडली. ओळखपत्र घरी राहिलं होतं.

"अरे, बाईंना सोड की!" खाटीक मागून ओरडला. "यांना कोण ओळखत नाही?"

ओळखीच्या मतदाराला ओळखपत्राविना सोडलं तरी नियमाने चाललं असतं. यामेनची पेन्सिल उचललीही गेली होती.

"थांब," बाई म्हणाल्या. "येते."

त्यांनी केंद्र ऊलिगवर सोपवलं, बाहेर जाऊन सायकल काढली आणि घराच्या दिशेने निघाल्या. चढ होता, अडुसष्ट वर्षांचे पाय होते, तेव्हा वेळ लागणारच होता. रांग दाराशी येऊन त्यांना बघत होती.

"चला," यामेन आत म्हणाला. "पुढचे कोण?"

एन्रिकोने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. चौतीस वर्षांत टेटवित्झच्या पेटीत पहिलं मत पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाचं तरी पडलं. बाई परत आल्या तेव्हा त्यांचा नंबर सतरावा होता, आणि त्या रांगेत उभ्या राहिल्या.