तळहाताएवढा मीटर

सरांचा सेट मी जाळला, तेव्हा मला हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं बिनतारी संदेश पाठवण्याचा परवाना मिळून महिनाही झाला नव्हता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवत होते. सर म्हणजे आमच्या गल्लीतले टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी स्वतः जोडलेला सेट मला आठवडाभर वापरायला दिला होता. अँटेनाची केबल मागून निसटलेली न बघताच मी माइकचं बटण दाबून बोलत राहिले. आधी करपल्याचा वास आला, मग झाकणाच्या फटीतून धूर.

सेट पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले. त्यांनी झाकण उघडलं.

“ट्रान्झिस्टर गेला. तू धड हाईस न्हवं? मग रडतीस कशाला?”

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ट्रान्झिस्टर बदलून त्यांनी सेट पुन्हा माझ्या हाती दिला, पण नंतर कित्येक महिने मी बटणाला बोट लावलं नाही. इतरांचं बोलणं नुसतं ऐकायची. शेवटी सरच म्हणाले, “असं भ्या जायचं न्हाय. मीटर घे.”

एसडब्ल्यूआर मीटर सेट आणि अँटेनाच्या मधे जोडतात. पाठवलेल्या शक्तीतली किती सेटकडे उलटी येते, ते त्यावर कळतं. आकडा एकच्या आसपास असला की ठीक. तीनच्या वर गेला की सेट धोक्यात. सरांच्या ओळखीच्या एकाकडे दोन मीटर होते. एक डब्यासारखा मोठा, दोन काट्यांचा. दुसरा तळहाताएवढा, एका काट्याचा. मला भीतीपोटी मोठाच हवा होता.

“टेबलावर मांडून बसणार असशील तर मोठा घे,” सर म्हणाले. “कुठं न्यायचा असला तर ह्यो बारका. खरं आधी आपल्या बँडच्या लहरींवर चालतोय का बघ.”

अँटेनाऐवजी तेलाच्या डब्यात बुडवलेला रेझिस्टर लावून त्यांनी दोन्ही तपासले. मोठ्याचा काटा दोनवर गेला, छोट्याचा बरोबर एकवर आला. तो मी घेतला. वापरायची रीत सरांनी माझ्याकडून घोकून घेतली: पॉवर कमी ठेवायची, खटका पुढे करून खुंटी फिरवत काटा शेवटच्या रेघेवर आणायचा, मग खटका उलटा करून आकडा वाचायचा. तरी दर वेळी बटण दाबताना मी श्वास रोखायची.

पुढं काही वर्षांनी एका पावसाळ्यात चंदगड तालुक्यातले फोन बंद पडले आणि निरोपांसाठी हॅम मंडळींना बोलावणं आलं. मी एसटीने जमेल तिथवर आणि पुढं जीपने एका खेड्यातल्या छोट्या दवाखान्यात पोचले. पत्र्यावरून तार ताणून दोन्ही टोकं झाडांना बांधली, सेट मोटारीच्या बॅटरीला जोडला. मीटरवर दीड. कोल्हापुरातून सरांचा आवाज स्वच्छ आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपलावणीला गेलेल्या एका बाईच्या हाताला घोणस चावली. डॉक्टरांनी सापाच्या विषावरची होती तेवढी लस टोचली, पण तिच्या हिरड्यांतून रक्त येतच होतं. “अजून लस लागेल. बेळगावहून निघाली तर दुपारपर्यंत येईल. कोल्हापूरला कळवा,” डॉक्टर म्हणाले.

मी बटण दाबलं आणि काटा थेट तीनच्या पुढच्या लाल पट्टीत गेला. झटकन बोट काढलं. जुना करपलेला वास मला नाकात खराच जाणवला. पॉवर आणखी कमी करून पाहिलं; काटा तसाच लाल पट्टीत. सेट एकच. तो गेला तर ती बाई गेली.

तिचा नवरा दारात उभा होता. “पोचलं का वो?”

“न्हाय. तार पडलीया वाटतं.”

वाऱ्यानं एक टोक सुटून तार ओल्या पत्र्यावर पडली होती. आकाश गडगडत होतं. मी सेट बंद केला, केबल सोडवली आणि कुणी चुकूनही बटण दाबू नये म्हणून माइक काढून पदरात बांधला. नवऱ्यानं शिडी लावली.

“बाई, मी जातो. तुम्ही खालून सांगा.”

“तारेची गाठ तुम्हाला जमायची न्हाय. शिडी धरा.”

पत्र्यावर मी गुडघ्यांवर सरकत होते. वीज चमकली तेव्हा तार माझ्या हातात होती. मी किंचाळले. पुढचा गडगडाट होईपर्यंत डोळेच उघडले नाहीत. मग नायलॉनच्या दोरीनं टोक पत्र्यालगतच्या झाडाला बांधलं. गाठ तीनदा मारावी लागली.

खाली येऊन कमी पॉवरवर पाहिलं. एक पूर्णांक आठ दशांश. निरोप सांगताना माझा आवाज चिरकत होता. सरांनी शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला आणि म्हणाले, “बेळगावला आत्ता फोन लावतो. तू तिथंच बस.”

तारेवरून वीज सेटमध्ये उतरू नये म्हणून मी पुन्हा केबल सोडवली आणि पंधरा पंधरा मिनिटांनी जोडून ऐकत राहिले. प्रत्येक वेळी आधी मीटर, मग बोलणं. दुपारी तीनच्या सुमारास चिखलानं माखलेली जीप आली. संध्याकाळी रक्त थांबलं.

तिसऱ्या दिवशी ती बाई उठून बसली. हात कोपरापर्यंत सुजलेला होता.

“तुमी पत्र्यावर चढलासा म्हनं. भ्या न्हाय वाटलं?”

“लई वाटलं. अजून वाटतंय.”

“मलाबी,” ती म्हणाली, आणि चांगल्या हातानं खाटेवर माझ्यासाठी जागा केली.