उभ्याने सांगितलेल्या अकरा कॅसेटी

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की एक्सएमएलमधल्या, म्हणजे खुणा घातलेल्या, कागदपत्रांचं रूप कसं बदलायचं, ते तुम्ही व्हिडिओ बघून शिकता. कळलं नाही तर थांबवता, मागे नेता. आपापल्या खुर्चीत बसून. तुमच्या आईलाही मी हे कधी सांगितलं नाही. तुम्ही आता याच कामात पडताय, म्हणून लिहिते.

"तो पा बिझें आसिझे." तुला बसायची गरज नाही. छापखान्याचा मॅनेजर मला क्रेओलमध्ये, आपल्या बेटावरच्या बोलीत, म्हणाला. सहा खुर्च्या. सहा पुरुष, सगळे त्याच्याच गोतावळ्यातले. मी टीव्हीशेजारी उभी. सहावा महिना. पोटात तुमची आई.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. राजधानीत, पोर्ट लुईच्या त्या छापखान्यात मी टायपिस्ट होते. गावाहून, मोंतान्य ब्लांशहून, बसने यायची. नवे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडहून शिकवणीच्या अकरा व्हिडिओ कॅसेटी. मजकुरात खुणा घालायच्या. हे शीर्षक, हे नाव, ही टीप. मग मशीन त्याच मजकुराचं पुस्तक करतं, नाहीतर यादी. ज्याला खूण नाही, ते यादीत उतरतच नाही.

त्या सहा जणांचं फ्रेंच फर्डं, इंग्रजी कच्चं. म्हणून मी. कॅसेट थांबवायची, क्रेओलमध्ये सांगायचं, पुन्हा चालू करायची. की-बोर्डला हात लावायचा नाही. माझे पाय सुजले तेव्हा एकाने स्टूल पुढे केलं. मॅनेजर म्हणाला, हिचा बाप ऊस तोडतो, या लोकांना उभं राहायची सवय असते. सगळे हसले. स्टूल मागे गेलं. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची अजून लाज वाटते.

शेवटच्या कॅसेटीनंतर सरावाला एका साखर कारखान्याच्या मजुरांची यादी आली. नाव, गाव, नंबर. एकाने विचारलं, नावांना कुठली खूण घालू? मॅनेजर म्हणाला, ही नावं कोण वाचणार, नंबर पुरे. कागद छापून आला. नुसते नंबर. त्यातला एक माझ्या बापाचा. माझे पणजोबा ऊसमळ्यावरचे करारी मजूर म्हणून बोटीतून उतरले, तेव्हा त्यांनाही असाच नंबर मिळाला होता.

मॅनेजरने याद्यांची नववी कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. मी कॅसेटचं मशीन बंद केलं.

"नावांना खूण घाला. आणि मला खुर्ची द्या. नाहीतर मी एक शब्द सांगणार नाही."

"यादी काय तुझी आहे?"

"हो. माझी आहे."

त्याने दाराकडे बोट केलं. नोकरी गेली. घरी बाप म्हणाला, पोरी, बाळंतपणापर्यंत तरी थांबायचं होतंस. त्याचंही खोटं नव्हतं. यादी नंबरांचीच छापली, असं मागाहून कळलं.

त्या दिवसापासून मी कुणाच्या खुर्चीशेजारी उभी राहून बोलले नाही. बोलणार नाही. प्रमाणपत्रं त्या सहा जणांना मिळाली. खुणा मला येतात. अजून सगळ्या पाठ आहेत.