डबलचं गाऱ्हाणं

आमची पिकअप भरल्या मालानं फोंडाघाट चढत नसे. बाबा मिठबावहून मासळी घेऊन कोल्हापूरच्या बाजाराला निघायचे आणि घाटातल्या एका वळणावर गाडी धापा टाकत उभी राहायची. मग ते निम्मे क्रेट उतरवून कठड्याशी रचायचे आणि शेजारच्या सपाट दगडावर आईला राखणीला बसवायचे. निम्मा माल वर नेऊन ओळखीच्या हॉटेलाच्या आडोशाला ठेवायचा, रिकामी गाडी खाली आणायची, उरलेला माल आणि आई गाडीत घालायची आणि घाट पुन्हा चढायचा. तोवर बर्फाचं पाणी झालेलं असे. आई तिथं माकडांशी भांडत बसायची. एका जाड माकडिणीला तिनं 'वरमाय' नाव ठेवलं होतं, कारण ती स्वतः काही न करता सगळ्यांवर डाफरायची. आई हे हसत हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि माझी फी त्या दगडावरून येत होती.

मग कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं निरोप धाडला, की पुन्हा मऊ बांगडा आला तर गाडी माझ्या दारात लावू नका. बाबांनी ठरवलं, दिवाळीला गाडी विकायची आणि कुणाच्या तरी ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायचं. "चेडवाच्या कॉलेजीचा मगे बगूया," असं ते आईला म्हणाले. चेडू म्हणजे मी, त्यांची मुलगी. आमच्या घरात 'मगे बगूया' म्हटलेली एकही गोष्ट नंतर कुणी बघितलेली नाही.

विकण्याआधी गाडीचा आवाज तरी बरा करून घ्यावा म्हणून बाबा ती कसालला डबल मेकॅनिककडे घेऊन गेले.

डबल एकावर एक दोन चष्मे लावायचा. एक लांबचा, एक जवळचा. डॉक्टरनं त्याला दोन्ही नजरांची एकच काच सुचवली होती. डबल त्याला म्हणाला होता, "एकाचो भरवसो काय?" हेच त्याचं जगण्याचं सूत्र. पँटीला पट्टा असे आणि पट्ट्यावर सुंभाची गाठ. चहा अर्धा अर्धा करून दोन कपांत, एक सांडला तर दुसरा असावा म्हणून. रविवारी तो चर्चमध्ये जायचा आणि सोमवारी गावच्या देवळात नारळ ठेवायचा. "दोगांतलो एक तरी घरात गावतलोच," म्हणायचा. त्याचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीनं लिहून ठेवलं असेल तेवढंच. गिऱ्हाइकं त्याला डिवचायची, "डबल, लगीन तेवढा एकच केलंस?" तो हळूच स्वयंपाकघराकडे बघायचा आणि म्हणायचा, "थंय एकच डबलाच्या जागी आसा." आतून मारीबाय, म्हणजे त्याची बायको, भांडं आपटून दुजोरा द्यायची.

बाबांनी घाटाची सगळी कथा सांगितली. डबलनं वरचा चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे ह्यो घाट तू डबल चढतंस, दत्तारामा?"

"चढतंय. काय करू?"

"मगे गाडयेक फुफ्फुसा डबल कित्याक नाय?"

आणि त्यानं मारीबायच्या खाटेखालून एक पेटी ओढली. त्याच्या भाच्यानं आखातातून पाठवलेली. तिकडे वाळूत गाड्या पळवणारे लोक इंजिनाला दुसरा टर्बो, म्हणजे आत हवा दाबून भरणारा पंखा, बसवतात, त्याचा तो अख्खा संच होता. माप आमच्या इंजिनाला चालण्यासारखं होतं. मारीबाय इतकी वर्षं त्या पेटीवर कुळथाची पिशवी ठेवत होती. "माका वाटलेला ह्या मेल्याच्या मयताचा सामान आसा," ती म्हणाली.

पुस्तकात याला कंपाउंड टर्बो म्हणतात. डबल 'दोन भाते' म्हणायचा. त्यानं बाबांना समजावलं ते असं: "तुझो जुनो टर्बो तो धाकटो. तो ऱ्हवांदे. तेच्या जोडीक थोरलो बसवया. थोरलो भायरची हवा ओढतलो आणि धाकट्याच्या तोंडात देतलो. धाकटो ती आणखी दाबून इंजिनाच्या घशात घालतलो. हवा जास्त, तर डिझेल जास्त जळतला. डिझेल जळला, तर वयनी दगडार बसाची नाय."

या शेवटच्या वाक्यावर बाबा तयार झाले. पण त्यांनी साफ सांगितलं, "इंजिन फुटला, तर गाडी भंगारात जातली आणि चेडू घरात बसतला."

"म्हणान तर चेडवाकच हय बोलाव," डबल म्हणाला. "पुस्तक इंग्लिशीत आसा."

मला सुट्टी होती. मी पुस्तक घेऊन स्टुलावर बसले आणि कॉलेजात जाणाऱ्या माणसाच्या आवाजात वाचू लागले. पहिल्याच पानावर परवानगीचा विषय निघाला. डबलनं संबंधित कचेरीत दोन अर्ज केले, एक मराठीत, एक इंग्रजीत. मराठीला नकार आला. इंग्रजीला उत्तरच आलं नाही. "एक नाय म्हणता, एक गप ऱ्हवता," डबल म्हणाला. "आणि लग्नाच्या बोलणेत चेडू गप ऱ्हवला तर आपण काय समाजतो?" माझा यावर आक्षेप होता. आजही आहे.

दुसरी अडचण अशी, की संच डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीसाठी होता. त्यातला जाड पाइप नेमका आमच्या स्टिअरिंगच्या दांड्यातून आरपार जायला बघत होता. डबलनं पाइप कापले, वाकवले, वेल्डिंग केलं. मोठ्या टर्बोला तेल पोचवणारी नळी बसवली आणि ते तेल परत खाली आणणारी नळी दांड्याला वळसा घालून वर चढवून मग खाली आणली. मी पुस्तकात बोट ठेवून म्हटलं, "परतीची नळी उतारानंच आली पाहिजे. वर चढवली तर तेल तुंबेल आणि टर्बो धूर ओकेल."

"तेल वर चढणा नाय ह्या माका म्हायत नाय काय गो?"

"मग वर कशाला चढवली?"

तो चहा प्यायला गेला. दोन्ही कप संपवून आला आणि मुकाट्यानं नळी दुसऱ्या बाजूनं उतरवली. संध्याकाळी बाबा आल्यावर त्यांना म्हणाला, "तुझा चेडू हुशार आसा. मी परीक्षा म्हणान नळी मुद्दाम चुकीची लावलंय, तर तेणी पकडल्यान." मी तोंड उघडलं, तर मारीबायनं माझ्या हातात खापरोळी ठेवली आणि कानाशी म्हणाली, "माका लग्नापासून असल्यो परीक्षा घेता. तू खा."

डबलची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडलं होतं. गाडीचा कुठलाही पाइप उघडा पडला, की तो त्यात चिंधीचा बोळा कोंबायचा. लोखंडाचा कीस आत गेला तर टर्बोची पाती जातात, म्हणून. हे बरोबरच होतं. पण एरवीच्या कामात तोंडं दोनच उघडी पडत. त्यामुळे डबल दोन बोळे कोंबायचा, शेवटी दोन काढायचा आणि "डबल झाला" असं म्हणून हात पुसायचा.

इंजिन सुरू करायच्या दिवशी आई आली. बाबा सकाळपासून आपला पंचा शोधत होते. गॅरेजाच्या मागची बकरी हा त्यांचा संशय. बकरीला त्यांनी दोनदा तोंड उघडून पाहिलं. मारीबाय म्हणाली, "भावोजी, तिका परत हात लावलास तर तुमचो लेंगो पण तीच खातली."

पहिली किल्ली फिरवण्याआधी डबल नेहमी गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे देवाला मोठ्यानं साकडं. आधी छातीवर क्रूस काढायचा, मग नारळ हातात घ्यायचा. आमच्याकडे लग्न असो, होडी असो, देवापुढे गाऱ्हाणं होतंच आणि भोवतीचे सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. डबलच्या गाऱ्हाण्याला एक नियम होता. जे काम स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असेल, त्यालाच 'व्हय' म्हणायचं. "माका फसवशात," तो म्हणायचा, "नारळाक फसवू नकात."

"बा देवा म्हाराजा! आज ह्या दत्तारामाच्या गाडयेक थोरलो टर्बो बसयलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"थोरल्याक तेलाचो घोट आधीच पाजलेलो आसा!"

"व्हय म्हाराजा!" ही मी. तेल मीच ओतलं होतं.

"परतीची नळी खाली तोंड करून सुनेसारखी उतरता!"

"सून खंयची खाली तोंड करता?" मारीबाय म्हणाली. "पण व्हय म्हाराजा!"

"सगळे क्लिप दोनदा आवळले आसत! दोन्ही बोळे भायर काढले आसत!"

"व्हय म्हाराजा!" बोळे बाकड्यावर सगळ्यांना दिसत होते. दोन.

"तर म्हाराजा, काय चुकला-माकला आसात तर सांभाळून घी, ह्या गाडयेक घाट चढव, आणि ह्या वयनीक त्या दगडावरना उठव!"

यावर 'व्हय म्हाराजा' म्हणताना बाबांचा आवाज जरा चिरकला. आपला चिरकलेला आवाज झाकायला म्हणा, किंवा देव समोर आहेच तर म्हणून म्हणा, त्यांनी घाईनं पुढे जोडलं, "आणि माझो पंचो सकाळधरना हरवलो आसा, तो गावांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि मी एकदम ओरडलो आणि हसत सुटलो.

डबल हसला नाही. किल्लीवरचा हात त्यानं तसाच ठेवला.

"दत्तारामा," तो म्हणाला, "पंचो तांबड्या काठाचो?"

"व्हय."

डबलनं छातीवर क्रूस काढला, किल्ली काढून खिशात टाकली आणि मोठ्या टर्बोच्या तोंडाचा क्लिप सोडला. आत बोटं घातली आणि ओढू लागला. तांबडा काठ आला. मग पांढरा पंचा आला. येतच राहिला, जादूवाल्याच्या रुमालासारखा. या गाडीला टर्बो दोन, म्हणून उघडी तोंडं तीन होती. चिंध्या संपल्यावर तिसऱ्याला त्यानं हाताला लागलं ते कोंबलं होतं आणि शेवटी सवयीनं दोनच काढले होते. किल्ली फिरली असती तर पंचा पात्यांत गेला असता, आणि त्याच्यामागून आमची गाडी, आणि गाडीमागून माझं कॉलेज.

डबलनं पंच्याची नीट घडी घातली, बाबांच्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाला, "बग, देवान तुझा ऐकल्यान. आता आणखी कायव असात तर मागून घी. लाइन मोकळी आसा."

"एकाचो भरवसो नाय म्हणतंस ना?" मारीबाय दारातून म्हणाली. "आता दोनाचोय भरवसो गेलो!"

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आधी धाकट्याची बारीक शीळ आली, मग तिच्याखालून थोरल्याची जाड. डबलनं दाब पुस्तकात लिहिला होता त्याहून कमीच ठेवला. "घाट चढूचो आसा," म्हणाला, "विमान उडवूचा नाय."

चाचणीला मासळी कोण घालणार? आम्ही चिरे भरले. पुढे बाबा, आई, डबल. मी मागे चिऱ्यांवर. घाट सुरू झाला, शीळ जाड झाली आणि मला टपावरून ते वळण येताना दिसलं. तिथं बाबांचा पाय सवयीनं सैल पडला. डबलची आरोळी मला मागे ऐकू आली, "थांबतंस कित्याक रे? बायल तुझ्या बाजूक बसली आसा! थंय कोणाक घेतंस?"

बाबांनी पाय दाबला. दगड गेला. कठड्यावर वरमाय बसलेली होती. आईनं डबलला ओलांडून खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि दोन्ही अंगठे कानाला लावून तिला वेडावून दाखवलं. माझ्या आईला मी त्याआधी असं कधी पाहिलं नव्हतं.

वर पोचल्यावर कळलं, की डबलनं चिऱ्यांना तिथं गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलं होतं. "एका खेपेत एकच काम?" तो म्हणाला. "एकाचो भरवसो काय?"

मजुरी म्हणून त्यानं बाबांकडून दर रविवारची सुरमई घेतली. दोन तुकड्या, अर्थातच. मी पदवी घेऊन आले तेव्हा त्यानं प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स काढायला लावल्या. एक मला दिली आणि दुसरी गॅरेजात सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, तसबिरीशेजारी लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ह्या चेडू माझ्या हाताखाली शिकला. नळीची परीक्षा मीच घेतलेलंय." मी ते कधी खोडलं नाही.

गेल्या वर्षी डबल गेला. मारीबायनं दोन्ही चष्मे त्याच्या खिशात घातले. चर्चमधली प्रार्थना झाली, आणि कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर बाबांनी, खांद्यावर तोच तांबड्या काठाचा पंचा, न राहवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो माणूस तुमच्या दोगांकडे निघालो आसा. जो घरात असात तेणी दार उघडा." आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. पाद्रीबाबांचे ओठ हललेले मी पाहिले. ते काय म्हणाले ते त्यांना विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

मी आता आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या वर्गाला शिकवते. दुरुस्त केलेलं इंजिन सुरू करण्याआधी माझे विद्यार्थी हात धुऊन गोल उभे राहतात आणि ज्यानं जे बघितलं त्यालाच 'व्हय' म्हणतात. शेवटचा प्रश्न नेहमी एकच असतो, कुणाचं काही हरवलंय का.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बाबांची गाडी त्यांच्या मालकीची राहिली आणि भरल्या मालानं घाट एका दमात चढते. आई त्या दगडावर पुन्हा कधी बसली नाही.