कुंकू लावलेला लेथ

ती केस अजून डोक्यातून गेलेली नाही. आठवली की आजही कानशिलं तापतात.

मी फौजदार होतो. पेन्शन घेऊन निवृत्त झालेला नव्हे, मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडलेला. आता जुन्नर-आंबेगावच्या बाजारांत पत्रकं वाटतो : फसवलं गेलात तर गप्प बसू नका. त्या पत्रकांचं मूळ या केसमध्ये आहे. नावं कोणाचीच लिहीत नाही. लाज वाटायची त्यांना ती नावाशिवायही वाटेल.

वारूळवाडीची एक सून चाकणच्या कारखान्यात टर्नर होती, लेथवर लोखंड कातायची. शेतीपंप बनवणाऱ्या भागातल्या एका पंपवाल्याने तिला शाफ्ट, म्हणजे पंपाचे फिरते दांडे, बनवायचं काम देऊ केलं. अट एकच : पहिला लॉट मापात हवा, नाहीतर काम दुसरीकडे. तिने नोकरी सोडली, घरामागच्या गोठ्यात काँक्रीट ओतलं आणि बेल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका जुन्या मशिनांच्या व्यापाऱ्याकडून लेथ घेतला. लोखंड पकडायचा चक, हत्यार बसवायचा टूलपोस्ट, आधाराचा स्टेडी, सगळं सोबत. हिरवा रंग चकाचक.

खंडेनवमीला पूजा झाली. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं. दुपारी तापल्यावर ते घरघरायला लागलं आणि शाफ्ट एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघाले. पंपवाल्याने लॉट परत पाठवला. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत पुन्हा करून दे, म्हणाला. तेवढीच सवलत.

सासऱ्यांना घेऊन ती ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने मान वर न करता सांगितलं, "बाई, ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा." वर दात काढून म्हणाला, "लेथ कशाला घ्यायचा बाईमाणसानं? शिलाई मशीन घ्यायचं."

"शिलाई मशीन तुमच्या मिसेसला घ्या," ती म्हणाली. "माझी तक्रार लिहून घ्या."

मी आतून उठून आलो. 'दिवाणी बाब' हे आमच्या ठाण्यांचं सर्वांत आवडतं दार, माणसाला बाहेर काढायचं. त्यामागे कायदा कमी आणि आळस जास्त असतो.

मी तिला विचारलं, "तुम्ही टर्नर आहात. घेताना लोखंडावर कट घेऊन पाहिला नाही?"

ती सासऱ्यांकडे बघायला लागली. म्हाताऱ्याने टोपी काढली. "ती घेतच व्हती साहेब. टूल लावलं व्हतं तिनं. त्या दुकानदारानं मशीनला हळद-कुंकू लावलं अन् म्हणला, बाबा, आता खंडेनवमीची पूजा व्हईस्तोवर हत्यार लावू नका, अपशकून व्हतो. मीच तिचा हात धरला."

आमच्याकडे बैल घेताना दात मोजतात, चार पावलं चालवतात, शेपटीखाली बघतात. पण यंत्राला कुंकू लागलं की ते देव. देवाची परीक्षा कोण घेणार? त्या माणसाला हे पक्कं माहीत होतं.

वरिष्ठ म्हणाले, "जुनं मशीन आहे. घेणाऱ्याने बघून घेतलं. त्याला आधीपासून माहीत होतं, हे सिद्ध कर. मग बघू." मुद्दा कायद्याचा होता, पण म्हणतानाचा सूर 'जाऊ दे' असा होता. मी जाऊ दिलं नाही.

खबर मिळाली बेल्ह्याच्या बाजारात. आमचे हवालदार चहा पीत होते. शेजारी निरगुडसरचा एक टेम्पोवाला. बोलता बोलता तो म्हणाला, "त्या जुन्या मशिनीवाल्याच्या शेडातून आमी लई मशिनी उचलल्या राव. दर टायमाला आधीच लाल-पिवळी झालेली. पूजा गिऱ्हाईक करतं का दुकानदार?"

हवालदारांनी कप खाली ठेवला आणि तिथूनच मला फोन लावला.

दोन पंच ठरवले आणि हवालदारांनाच बनावट गिऱ्हाईक करून पाठवलं. धोतर, टोपी, तोंडात तंबाखू. आम्ही गाडीसह शेडचं दार दिसेल अशा वळणावर. एक पंच त्यांच्यासोबत मेव्हणा म्हणून.

"रसाच्या चरकाचं रूळ कातायचेत भाऊ," हवालदार म्हणाले. "जरा चालवून दावा."

"चालू करून दाखवतो की, पावणं." मशीन चालू झालं. आवाज लोण्यासारखा.

"आता कट घिऊन बघतो."

लगेच डबी निघाली. हळद-कुंकवाची बोटं ओढली गेली. "पाडव्याला पूजा करा, मग हत्यार लावा. देवाच्या कामात घाई नको."

हवालदारांनी दारात येऊन तंबाखू थुंकली. ती आमची खूण.

चौकशीत तो आधी रडला, मग चढला. "साहेब, श्रद्धेचा प्रश्न आहे. तुम्ही धर्मात हात घालता? मशीन जसं आलं तसं विकलं."

मी पंचांसमोर त्याच्याच माणसाकडून हेडस्टॉकचं, म्हणजे गिअर असतात त्या डोक्याचं, झाकण उघडून घेतलं. बोल्टवर ताजा हिरवा रंग, रंगावर कुंकू. आत दाट ऑइल आणि ऑइलमध्ये लाकडाचा भुसा. झिजलेल्या गिअरचा आवाज भुसा गिळतो. मशीन तापेपर्यंत गिळतो, तोवर गिऱ्हाईक घरी पोचलेलं असतं. पण कट घेतला की झीज मापात लगेच दिसते; म्हणून कुंकू. शेडच्या कोपऱ्यात तसल्याच भुशाचं अर्धं पोतं. वारूळवाडीचं मशीन उघडलं, तिथेही तोच माल.

मी त्याला भुशाच्या पोत्यासमोर उभा केला. "कुंकू देवासाठी लावलंस. हा भुसा कोणत्या देवाने भरला?"

त्याने पोत्याचं तोंड पायाने मिटवलं. मग म्हणाला, "धंद्यात सगळेच करत्यात साहेब."

हीच ती कबुली. माहीत होतं, मुद्दाम केलं, आणि शरम नाही.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. पण राग इथे संपत नाही. वरिष्ठांचा हुकूम आला : तिचं मशीन मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणा. ठाण्याच्या आवारात! अपघाताच्या गाड्यांशेजारी, गंज खायला! म्हणजे चोराने अर्धं मारलं, उरलेलं आम्ही मारायचं. मी फोटो काढले, ऑइलचा नमुना सील केला, पंचनामा केला आणि मशीन सुपूर्दनाम्यावर तिच्याकडेच राहावं म्हणून तिला कोर्टात अर्ज करायला लावला. साहेबांशी तेव्हा जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

मशीन तिच्याकडे राहिलं. तिने हेडस्टॉक धुतलं, गिअर आणि बेअरिंग बदलली, टूल सरकतं तो झिजलेला बेड घासून सपाट करून घेतला. पाडव्याच्या आत लॉट गेला आणि पास झाला. व्यापारी जामिनावर सुटला; शेडला नवा रंग लागलाय, खटला चालूच आहे.

या केसने मला शिकवलं ते मी पत्रकावर छापतो : जो माणूस तुम्हाला देवाचं नाव घेऊन तपासू देत नाही, त्याला भुसा लपवायचा असतो. मग तो शेडवाला असो की खुर्चीवरचा साहेब.

पुढच्या खंडेनवमीला मी त्यांच्याकडे गेलो. गोठ्यात लेथ चालू, लोखंडाची तार वळत खाली पडत होती. म्हातारा दारात पूजेचं ताट धरून उभा. शेजारची बाई म्हणाली, "आवं, लावा की कुंकू. मुहूर्त टळंल."

"टळू दे," म्हातारा म्हणाला. "तिचं माप व्हऊ दे आदी."