आचोळ्यातली एक गाडी आणि चोवीस सह्या

जे रोज गाडी चालवतात त्यांच्याकडे गाडीचे किस्से फारसे नसतात, त्यांना वेळच नसतो. किस्से तयार होतात ते गाडी न चालवणाऱ्यांमुळे. आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगमध्ये चोवीस फ्लॅट आहेत. इलेक्ट्रिक गाडी एकही नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीतले तज्ज्ञ मात्र घरटी दीड! त्यात मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेला. कॉलेज सोडलेला पोरगा म्हणजे लोकांना कोरी पाटी वाटते. दिसला की प्रत्येक काका येऊन त्यावर काहीतरी लिहून जातो. मी पुसून टाकायच्या आधी लक्षात ठेवायला लागलो, तर हे एवढं साठलं.

विषय साधा होता. आमच्या गल्लीतल्या चार शिक्षिका आगाशीच्या शाळेत शिकवतात. दोन रिक्षा आणि एक बस बदलून जातात, तशाच परत येतात. मी म्हटलं, मी सोडतो, मीच आणतो. त्या हो म्हणाल्या. मी एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी बघून ठेवली. फक्त पार्किंगमध्ये चार्जर लावायला सोसायटीची परवानगी हवी होती, तीही जूनमध्ये शाळा उघडायच्या आत. नाहीतर मॅडम लोक दुसरी व्हॅन लावणार. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भरवशावर बसायला तयार होतं, आणि अडलं कुठे? एका प्लगवर!

*

सोसायटीचे चेअरमन सावंतकाका. बँकेतून रिटायर्ड. त्यांची पेट्रोल गाडी सात वर्षं आमच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. दर रविवारी काका कव्हर काढतात, गाडी पुसतात, आत बसतात, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, बंद करतात आणि परत कव्हर घालतात. आमच्याकडे याला 'काका गाडी चालवतात' असं म्हणतात.

मी चार्जरचा अर्ज घेऊन गेलो तर म्हणाले, "अरे, घेऊन करणार काय? इलेक्ट्रिकने कणकवलीला जाता येतं का? घाटात झोपली तर?"

"काका, तुमची कितीदा गेली कणकवलीला?"

"गेली नाही."

"मग?"

"जाऊ शकते ना!"

*

टेस्ट ड्राइव्हला मी पप्पांना घेऊन गेलो. ही माझी चूक. पप्पांना गाडी चालवता येत नाही, पण मत देता येतं. पूर्ण राउंडभर ते मागच्या सीटवर हात बांधून बसले. एसी लागला, गाडी पळाली, फ्लायओव्हर सरसर चढली.

शोरूमला परत आलो. उतरले, पुढे गेले आणि बॉनेटवर तळहात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"गारच आहे," पप्पा म्हणाले. "म्हणजे हिने काही मेहनतच केली नाही."

सेल्समन समजावायला लागला की सर, यात इंजिन नसतं, मोटर असते, ती तापत नाही. पप्पांनी त्याला हातानेच थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुला शोभेल."

*

आमच्या ओळखीत इलेक्ट्रिक गाडी घेतलेला एकच माणूस, राजोडीचे इनास अंकल. त्यांनी दाखवायला बोलावलं म्हणून गेलो, तर गाडी चर्चसमोर. गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या गाडीला फादरांचा आशीर्वाद घ्यायचा राहिला होता.

फादर पवित्र पाणी घेऊन आले, प्रार्थना झाली. फादरांनी पाणी शिंपडायला हात उचलला आणि अंकलची बायको मेरी आंटी ओरडल्या, "फादर, जरा जपून! इलेक्ट्रिक आहे!"

फादर थांबले. आंटींनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, चार्जिंगच्या झाकणावर धरली आणि म्हणाल्या, "आता मारा."

इनास अंकल मान खाली घालून उभे. फादरांनी शांतपणे विचारलं, "इनास, पावसात चालवतोस ना रे ही?"

"चालवतो फादर. गुडघाभर पाण्यातून आणलीय."

"मग मेरीला कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं ना. ती म्हणते ते पाणी साधं होतं!"

*

मग सोसायटीची मीटिंग. अजेंडा एकच, माझा चार्जर. कॉलेजात मला जेवढे प्रश्न कुणी विचारले नाहीत, तेवढे त्या दिवशी विचारले गेले. चार्जिंग चालू असताना लिफ्ट स्लो होईल का? पार्किंगमध्ये पाणी साचलं तर अख्ख्या बिल्डिंगला शॉक बसेल का? तू गाडी चार्ज केलीस तर टाकीत पाणी चढेल का? मी सांगतोय, मीटर वेगळा असेल, वायर वेगळी असेल, बिल माझं असेल. ऐकतंय कोण!

दोनशे दोनच्या आजी सगळ्यात जास्त घाबरलेल्या. त्यांचा फ्लॅट बरोबर माझ्या पार्किंगच्या वर. "बॅटरी फुटली तर माझं घर जाईल रे!"

आजींच्या माळ्यावर काय काय आहे, ते मला माहीत होतं. दर वर्षी मीच चढवतो.

"आजी, तुमच्या माळ्यावर दिवाळीचे उरलेले फटाके आहेत ना?"

"आहेत. नातू आला की लागतात."

"ते फुटले तर?"

आजी माझ्याकडे असं बघायला लागल्या की तिसऱ्या वर्षाला सोडलं ते बरंच केलं याने.

"ते डब्यात आहेत!"

शेवटी सावंतकाकांनी निर्णय दिला. छापील फॉर्म. चोवीस फ्लॅट, चोवीस सह्या. एक जरी कमी पडली तर चार्जर नाही. काकांना वाटलं विषय संपला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिली बेल वाजवली.

*

तेवीस दारांची हकीकत सांगत बसत नाही. फक्त काकांची सही कशी मिळाली ते सांगतो.

मीटिंगमध्ये काकांचा हुकमाचा एक्का होता, "लाईट गेली की तुझी गाडी म्हणजे खोकं!" मे महिन्यात एका दुपारी आमच्याकडे लाईट गेली. दोन तास झाले, येईना. नेमकी त्याच दुपारी काकूंची डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट होती आणि काकांनी गाडी खरोखरच बाहेर काढली होती. बिल्डिंगमधली पोरं बघायला खाली आली होती!

मी स्कूटरवरून येताना पेट्रोल पंपावर काका दिसले. गाडी पंपाला लावलेली, काकू आत घामाघूम, काका बाहेर.

"काय झालं काका?"

काकांनी मशीनकडे बोट दाखवलं. पंपावरचा माणूस म्हणाला, "लाईट नाय. जनरेटर पन बंद हाय. मशीन चालनार कशी?"

मी स्कूटरची डिकी उघडली, फॉर्म काढला, पेन काढलं. काकांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

"कुणाला सांगायचं नाही."

"शपथ काका."

म्हणून तर लिहून काढतोय!

*

आता तुम्ही विचाराल, मग इलेक्ट्रिक परवडते की पेट्रोल? माझं सरळ मत आहे. रोज ठरलेला रस्ता, ठरलेले किलोमीटर आणि घरी स्वतःचा प्लग असेल तर डोळे झाकून इलेक्ट्रिक. प्लग नसेल तर घेऊ नका, चार्जिंगच्या लाइनीत म्हातारे व्हाल. लांब गावाला सारखं जायचं असेल, तर काका म्हणतात त्यात तथ्य आहे, हे मी त्यांच्या तोंडावर कधीच कबूल करणार नाही. सेकंडहँड घेताना बॅटरी नीट तपासून घ्या. बाकी, जी गाडी चालते तिचाच हिशेब मांडता येतो. जी नुसती उभी राहते ती कशावर चालते याने काय फरक पडतो?

*

तेवीस सह्या झाल्या. चोविसावी राहिली तीनशे चारची. म्हणजे आमची. फ्लॅट पप्पांच्या नावावर.

सावंतकाकांनी सही दिली, फटाकेवाल्या आजींनी दिली, आणि माझा बाप म्हणतो, "आधी डिग्री पूर्ण कर, मग बघू."

"गाडी चालवायला डिग्री लागत नाही, पप्पा."

"तेच तर म्हणतोय."

मी फॉर्म डायनिंग टेबलवर ठेवला. चार दिवस आम्ही त्याच्या बाजूला बसून जेवलो. आईने त्यावर मिठाची बरणी ठेवली, उडू नये म्हणून. पप्पांना मीठ लागलं की ते बरणी उचलायचे, मीठ घ्यायचे आणि बरणी परत बरोबर त्याच जागी ठेवायचे. मीही मीठ घेऊन बरणी तिथेच ठेवायचो. विनंती करणं मला जमत नाही, ते मी त्यांच्याकडूनच शिकलोय.

शनिवारी मॅडमचा फोन आला. "सुमित, सोमवारी शाळा उघडतेय रे. नक्की सांग, नाहीतर आम्ही त्या व्हॅनवाल्याला हो म्हणतो." मी हॉलमध्येच बोलत होतो. पप्पा पेपर वाचत होते. पान काही उलटलं नाही.

रविवारी सकाळी उठलो तर पप्पा भाजी आणायला गेलेले आणि फॉर्मवर चोविसावी सही!

मी ब्रशसुद्धा न करता खाली पळालो. सावंतकाका गाडी पुसत होते. त्यांनी हात पुसले, घरात जाऊन शिक्का आणला, बोट फिरवत सह्या मोजल्या, चोवीस भरल्या. शिक्का मारला, तारीख टाकली, फॉर्म माझ्या हातात दिला आणि परत काढून घेतला.

"तुझ्या बापाने शेऱ्यात काय लिहिलंय, वाचलंस का?"

मी वाचलं नव्हतं. पप्पा पस्तीस वर्षं सरकारी ऑफिसात होते. शेरा मारल्याशिवाय त्यांनी कुरिअरवाल्याच्या कागदावरसुद्धा कधी सही केलेली नाही. 'पाकीट दमट मिळाले' असं लिहितात!

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पार्किंगमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं.

"'मुलगा ऐकत नाही. हरकत आहे. तरी परवानगी देण्यात यावी, ही विनंती.'"