लोकरीत मुरलेला रंग

नाना शब्दकोशालाही एकच बातमीदार मानत. जळगावच्या आमच्या दैनिकात ते मुख्य उपसंपादक होते. ‘‘एकानेच सांगितलं आणि छापायचं? दुसरा सोर्स आण,’’ हे त्यांचं वाक्य माझ्यासारख्या प्रत्येक नव्या वार्ताहराने ऐकलेलं. दर रविवारी ते एका इंग्रजी शब्दाच्या जन्मकथेवर सदर लिहीत. तिथेही नियम तोच.

एका सोमवारी संपादक म्हणाले, ‘‘नाना, सदर बंद करतोय. कोणी वाचत नाही. या रविवारी शेवटचं.’’

नाना नुसतं ‘‘बरं’’ म्हणाले. जागेवर आले तेव्हा मात्र डोळे चमकत होते. ‘‘असा शब्द देतो, की लोक सदर मागून घेतील!’’

शब्द होता ‘डाइड-इन-द-वूल’. म्हणजे एखादं मत हाडीमाशी मुरलेला, कट्टर माणूस. कोश सांगत होता: कापड विणून रंगवलं तर रंग वरवर राहतो, लोकरच आधी रंगवून मग सूत कातलं तर तो तंतूतंतूत भिनतो, टिकतो. लहानपणापासून मुरलेलं मतही तसंच. ‘‘हा झाला एक सोर्स,’’ म्हणत नाना माझ्या मोटरसायकलवर बसले.

सोनगीरजवळ घोंगड्या विणणाऱ्या एक अक्का राहत. नानांनी लाल रंगाची पुडी पुढे केली तशा त्या हसल्या. ‘‘मेंढी काळीच शे, भाऊ. तिले रंग काबर देऊ?’’

‘‘पांढरी लोकर दे, अक्का. पेपरमा छापनं शे.’’

‘‘मंग मन्हं नाव बी छापजो.’’

पांढऱ्या लोकरीचा पुंजका आणि विणलेली पट्टी एकाच पातेल्यात उकळली. वाळल्यावर अक्कांनी पुंजक्याचं सूत कातलं. नानांनी कात्रीने दोन्ही कापली. पट्टीचा धागा आतून फिकट निघाला. कातलेला आरपार लाल. नाना अंगणात अक्षरशः नाचले. ‘‘अक्का, पाह्यं का? बठ्ठा लाल शे! मझार बी लाल!’’

रविवारी सदर अक्कांच्या नावासकट छापून आलं. संपादकांचा निर्णय बदलला नाही.

पुढच्या रविवारी नानांनी नवा शब्द कागदावर लिहून प्रेससमोरच्या चहाटपरीच्या फळीवर चिकटवला. रिक्षावाले, कॉलेजची मुलं, हमाल थांबून वाचू लागले. कोणी मोठ्याने वाचून दाखवी, कोणी वाद घाली. निवृत्त होऊन नाना मुलीकडे धुळ्याला गेले, तोवर हे चाललं.

ते गेल्यानंतरच्या रविवारी मी टपरीवर होतो. संपादक चहाचा ग्लास घेऊन रिकाम्या फळीसमोर उभे होते.

‘‘आजचा शब्द कुठंय?’’ त्यांनी विचारलं.

टपरीवाल्याने मान वर न करता चहा गाळला. ‘‘तो धुळ्याले गया, साहेब.’’